सगळ्यांच्या पंगतीचं बाकडं

लाकूड बोलायचं आणि गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, त्या काळची गोष्ट. एका आश्रमातल्या माणसांनी मिळून बाकडं केलं. पाय मधोमधच, म्हणून जेवायला दोन्ही टोकांना सगळे एकदम बसत, एकदम उठत.

शहरातल्या कलावंतांनी ते कौतुकानं प्रदर्शनात नेलं नि दोरीमागे ठेवलं.

“मला घरी पंगतीला जायचंय,” बाकडं रडलं.

“वेडंच आहेस! इथं मान मिळतो,” शेजारी मांडलेली कुठल्याशा मठातल्या महंतांची खुर्ची म्हणाली.

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे आले. “सहजीवन कसं असतं, मी दाखवतो,” म्हणत दोरी ओलांडून टोकावर एकटेच बसले. दुसरं टोक उचललं गेलं आणि पाहुणे पगडीसकट जमिनीवर!

“अहो, पलीकडे कुणाला बसवायचं तरी!” बाकडं कळवळलं.

धोक्याचं सामान म्हणून बाकड्याची लगेच आश्रमात पाठवणी झाली. गाडीत चढताना ते खुर्चीला म्हणालं, “ताई, मान सांभाळा. आमच्याकडे पानं वाढली असतील.”