साळूने आणलेला विस्तव

फार फार वर्षांपूर्वी, काडेपेटी कुणी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात चूल विझली की शेजारून विस्तव मागून आणायची रीत होती. गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवायचा आणि घरी यायचं. हे काम लहान मुलांचं.

त्या गावात साळू नावाची सहा वर्षांची मुलगी होती. आगीचं तिला काही केल्या कळत नसे. आजोबा म्हणत, "अग्नी देव आहे, नमस्कार कर." आई म्हणे, "चुलीजवळ आलीस तर पाठ सोलून काढीन." आणि तीच आई सकाळी म्हणे, "जा गं, विस्तव घेऊन ये."

मग आग देव, वैरी, की मागून आणायची वस्तू? साळू विचारी, तर सगळे म्हणत, "गप बस. मोठी झालीस की कळेल."

एके सकाळी शेजारणीने निखारा देताना टोमणा मारला, "तुमच्याकडे चूल आहे की नुसता राखेचा ढीग?" साळू ओशाळून भरभर चालू लागली. वाऱ्याने निखारा फुलला, बोटांना चटका बसला आणि गोवरी सुटली ती दाराशेजारच्या कडब्यावर. कडबा भडकला.

आता काय करायचं? नमस्कार? पाणी? आईला हाक? पण आई तर पाठ सोलणार! साळू घराच्या मागच्या खोलीत पळाली आणि धान्याच्या रिकाम्या कणगीत लपून बसली.

आई विहिरीवरून धावत आली. छप्पर पेटलं होतं. "साळू! कुठं मेलीस? थांब, दाखवतेच तुला!"

कणगीत साळू आणखी आक्रसली. बाहेर गाव गोळा झालं; कुणी तिला गोठ्यात शोधत होतं, कुणी म्हणत होतं ओढ्यावर गेली.

गावचा म्हातारा कुंभार भट्टी सोडून आला होता. तो म्हणाला, "अगं बाई, पोर आगीला नाही, तुला भ्यालंय. गोड हाक मार."

आई रडतच म्हणाली, "साळू, ये गं बाळा. कुणी रागावणार नाही."

मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. "खरंच ना?"

कुंभाराने मागची कुडाची भिंत लाथेने फोडली आणि तिला बाहेर ओढलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं.

घर गेलं. आईने साळूला मांडीवर घेऊन नीट सांगितलं, "आग दिसली की सगळं टाकून बाहेर पळायचं आणि ओरडायचं. चूक तुझी असली तरी."

"आणि विस्तव?"

"तो यापुढं मी आणीन."

तात्पर्य: आग लागली की लपू नये, बाहेर पळून मोठ्यांना हाक मारावी, आणि मोठ्यांनी मुलांच्या मनात आपली भीती आगीहून मोठी होऊ देऊ नये.