पवनचक्कीची हमी

माळावर जनावरांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. विहिरीची मोट हरण्या बैल ओढायचा. शेजारची पवनचक्कीही पाणी उपसू लागली, तसा त्याने सभेत कायदा मांडला, “वारा रोज सुटेल अशी हमी दिल्याशिवाय चक्कीने पाणी उपसायचं नाही!”

मेंढ्यांनी लगेच माना डोलावल्या.

“देते की हमी,” चक्की म्हणाली. “आधी हरण्यादादांनी द्यावी, पाय कधीच दुखणार नाहीत म्हणून. त्यापेक्षा मी थांबले की तुम्ही ओढा, तुम्ही थकलात की मी आहेच.”

“माझा कायदा मंजूर असेल त्यांनी खूर वर करा!” हरण्या डाफरला.

खूर वर गेले. भाषणांच्या नादात सकाळपासून मोट चालली नव्हती, हौद कोरडा होता. तेवढ्यात वारा सुटला, पाती फिरली, हौदात पाणी खळखळलं.

खूर मोजायला कुणी उरलंच नाही. सगळी सभा हौदावर होती, आणि सगळ्यांत पुढे हरण्या.