सगुणा कासारणीचा दहावा बिल्ला

“बिल्ला मिळणार नाही म्हणजे नाही!” विमानखात्याच्या कारकुनानं धाडकन खिडकीच लावून घेतली. सगुणा कासारणीला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

मंगळगडच्या राजाचा नियमच होता. त्याच्या विमानानं एकदा प्रवास केला, की एक तांब्याचा बिल्ला मिळायचा. दहा बिल्ले झाले, की एक फेरी फुकट! बांगड्या विकायला गावोगाव उडणाऱ्या सगुणानं नऊ बिल्ले जमवले होते. लेक नांदत होती समुद्रापलीकडे आणि तिचे दिवस भरत आले होते. दहावा बिल्ला मिळाला, तरच आई बाळंतपणाला पोचणार होती.

पण दहाव्या प्रवासानं घोळ केला. तिकिटावर शिक्का मंगळगडचा, विमान मात्र शेजारच्या देवकोटचं! दोन्ही राजांनी तसा करारच केला होता. मंगळगडचा कारकून म्हणाला, “विमान आमचं नव्हतं.” देवकोटचा म्हणाला, “तिकीट आमचं नव्हतं.” आता काय करावं बाईनं? तिनं तडक मंगळगडचा दरबार गाठला.

राजा विक्रांतसेन महाहट्टी! तो गरजला, “गेलीस दुसऱ्याच्या वाहनानं, आणि तो प्रवास माझ्या नावावर? असं कधी झालंय? माझ्याच राजवाड्यातला एक तरी दाखला दे! नाही दिलास, तर ते नऊ बिल्लेही जप्त!”

दरबार खो खो हसला. पण सगुणाच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला आणि तिनं पदर खोचला.

“दाखला त्या पडद्याआडच बसलाय, महाराज!”

“पडद्याआड? तिथं तर राणीसाहेब आहेत!”

“त्याच! त्यांचा लग्नचुडा मीच भरलाय. मुहूर्ताला आपण होतात लढाईवर. आपण आपली तलवार पाठवलीत, तिच्याशीच लग्न लागलं. तलवार नेली सेनापतींनी, घोडा सेनापतींचा, राणीसाहेबांना इथवर आणलं तेही त्यांनीच. आपलं होतं ते फक्त नाव!”

“बरं, मग?”

“मग आपणच सांगा महाराज, राणीसाहेब कुणाच्या?”

सेनापतींना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात पडद्याआडून हसू फुटलं. “सांगा की! मलाही ऐकायचंय!” राणीसाहेब म्हणाल्या.

राजा असा खदखदून हसला, की मुकुट सांभाळता सांभाळता त्याची पुरेवाट झाली.

“हरलो बाई! राणीसाहेब माझ्या, आणि तुझा प्रवासही माझाच! अरे, द्या तिला बिल्ला! आणि सगुणे, परत येताना लेक, जावई, बाळ, सगळ्यांची तिकिटं माझ्याकडून!”

सगुणानं लवून मुजरा केला. “विमान कुणाचंही पाठवा महाराज, बिल्ले मात्र चौघांचे घेईन!”