एकशे आठ बिरुदांचा दरबार

एका राज्यात बोलण्याची फार हौस होती. राजाला होती म्हणून प्रधानाला होती, प्रधानाला होती म्हणून चवरी ढाळणाऱ्यालाही होती. राजाचं नाव धीरसेन. त्याच्या घराण्याला एकशे आठ बिरुदं होती, आणि दरबारात ज्याला म्हणून काही सांगायचं असेल, त्यानं आधी ती सगळी ओळीनं म्हणायची, असा नियम होता. सिंहासनाशेजारी चंदन नावाचा भाट मण्यांची माळ घेऊन बसे. एक बिरुद, एक मणी. मध्ये कुठं चुकलं, की पुन्हा पहिल्या मण्यापासून. मग राजा उत्तर देई. ते पणजोबांच्या पराक्रमापासून सुरू होई, आणि आपण काय सांगायला आलो होतो, हे सांगणारा तोवर विसरलेला असे. दूध उतू चाललंय म्हणून आचारी धावत आला, तर बिरुदं संपेस्तोवर भांड्याचा कोळसा होई. पण नियम म्हणजे नियम. दरबार खूश होता.

राजाला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव ऋजुमती. ती बोलताना अडखळत असे. तिनं नुसतं ‘पा’ म्हणायचा अवकाश, की एक दासी पाणी आणी, दुसरी पान आणी, तिसरी पादुका आणी. तिला काय हवं होतं, ते कोणी ऐकून घेत नसे. एकशे आठ बिरुदं तिनं म्हणायची ठरवली असती तर तीन दिवस लागले असते, म्हणून ती दरबारात कधी बोललीच नाही. लोक तिला मुकी समजत. तिला त्याचं फार वाईट वाटे, पण तेही सांगायचं कोणाला?

एके दिवशी सकाळी दरबारात फुंकरबाई आली. ही डोंगरापलीकडं राहणारी जादूगारीण. तिनं फुंकर मारली की विझलेली चूल पेटे आणि पेटलेलं भांडण विझे. ती धापा टाकत म्हणाली, “राजा, तळ्याच्या बांधाला उंदराच्या बिळाएवढं भोक पडलंय. दोन माणसं आणि चार पाट्या माती दे. आत्ता दे.”

चंदन भाट म्हणाला, “बाई, आधी बिरुदं.”

फुंकरबाईला बिरुदं कुठून येणार? भाटानं ती शिकवली. ती चाळिसाव्याला चुकली, सत्तराव्याला चुकली. शेवटी कशीबशी माळ संपली, तेव्हा राजा उभा राहिला आणि पाहुणीच्या स्वागताचं भाषण करू लागला. तो पणजोबांवरून आजोबांवर आला, तेवढ्यात बांध फुटला.

माणसं वाचली, तेवढं दैव. पण अकरा वाड्यांची भांडीकुंडी वाहून गेली, कुंभारांच्या भट्ट्या चिखलात बसल्या आणि तळ्याकाठी चरायला आलेल्या फुंकरबाईच्या शेळ्या बाभळीच्या शेंड्यावर अडकल्या. ओलीचिंब फुंकरबाई दरबारात परत आली. राजा अजून उभाच होता.

“राजा,” ती म्हणाली, “तू बोलतोस आणि समोर कोण आहे ते बघत नाहीस. मग तुला माणूस होऊन काय करायचंय? दर पौर्णिमेला चंद्र उगवला की तू वीतभर दगड होशील. आणि तुझ्या घराण्यातलं कोणीही सभेपुढं बोलायला लागलं, की सभा झोपेल.”

“उःशाप?” प्रधानानं विचारलं. घाबरल्यामुळं तो एवढा एकच शब्द बोलला.

“तुझ्या घराण्यातलं माणूस बोललं आणि सभा जागी राहिली, तर सुटायची वाट तुझ्यासमोर येईल. ती ओळखलीस तर सुटशील.” एवढं बोलून तिनं फुंकर मारली आणि ती शेळ्या उतरवायला निघून गेली.

पहिल्या पौर्णिमेला राजाचे घोटे दगडाचे झाले, दुसरीला पोटऱ्या. तो जिथं उभा होता तिथंच राहिला. त्याच्यावर छत्र धरलं, शेजारी जेवणाचं ताट ठेवायची सोय केली. तिसरीला थोरला राजपुत्र रत्नध्वज सभेपुढं उभा राहिला. त्याचं भाषण असं नटवलेलं, की ‘सूर्य’ म्हणायला त्यानं सहा नावं घेतली. सभा चौथ्या नावालाच झोपली. पाचव्या पौर्णिमेला धाकटा गर्जनसिंह आला. तो एवढा ओरडला की झुंबरं हलली. सभा झोपली ती कानांत बोटं घालून झोपली. बांधाचं भगदाड तसंच राहिलं, कारण ते बुजवायचा हुकूम ऐकायला कोणी जागं राहत नव्हतं.

दगड आता बरगड्यांपर्यंत आला होता. पुढच्या पौर्णिमेला तो काळजापर्यंत चढणार, हे राजवैद्यानं वीत लावून सांगितलं. त्या रात्री ऋजुमतीला अन्न गेलं नाही. आबा तिच्याशी कधी धड बोलले नव्हते, खरं आहे. पण ती लहान असताना घोड्यावर पुढं बसवून त्यांनीच तिला तळं दाखवलं होतं. ते तिचे आबा होते.

सकाळी ती बागेत आली. तिथं एक शिंपी पक्षी दोन पानं जोडून घरटं शिवत होता. तो म्हणाला, “फुंकरबाईकडं निघालीस ना? मी येतो. टाके नंतर घालीन.”

“तु... तु... तुला कसं...”

शिंपी फांदीवर बसून राहिला. त्यानं तिचं वाक्य पुरं केलं नाही. ऋजुमतीला नवल वाटलं.

“...कसं कळलं?” ती म्हणाली.

“तुझ्या पायांत चपला आहेत आणि डोळ्यांत पाणी आहे,” शिंपी म्हणाला.

दोघं डोंगर चढून गेले. फुंकरबाई शेळीचं दूध काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तीन कामं आहेत. धनेशाचं पीस आण. यक्षाच्या गुहेतलं जे तुझं असेल ते आण. तिसरं काम तुला माहीत आहे.”

धनेश म्हणजे भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. हा धनेश एका जुन्या उंबरावर राहत होता आणि आपल्या आजोबांच्या वेळेपासूनची हकिकत न थांबता सांगत होता. पीस मागायला आलेले लोक त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला जात आणि घसा बसवून घेऊन परत जात. ऋजुमती झाडाखाली बसली. तिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, त्यामुळं तिच्यापुढं ऐकण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. धनेशानं वाऱ्याची हकिकत सांगितली, फळांची सांगितली, शेजारच्या घुबडाची निंदा केली. मधून मधून तो झाडाच्या ढोलीकडं बघे. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. आत त्याची मादी अंड्यांवर बसली होती, आणि एका फटीतून तो तिला उंबरं भरवत होता. भरवतानाही बोलतच होता.

दुपार कलल्यावर त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात ऋजुमतीनं विचारलं, “आ... आतून ती काय म्हणते?”

धनेश गप्प झाला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच गप्प झाला, म्हणून रानातली सगळी पाखरं बघायला आली. त्यानं फटीला कान लावला. आतून बारीक आवाजात बरंच काही ऐकू आलं.

“म्हणते, उंबरं पुरे, आता किडे आण,” तो ओशाळून म्हणाला. “म्हणते, महिनाभर हेच सांगतेय.” त्यानं आपलं एक पांढरं पीस उपटून तिला दिलं. “हे कानामागं खोच. बोलण्याचा मोह झाला की गुदगुल्या करतं. मला आधीच खोचायला हवं होतं.”

यक्षाची गुहा नदीच्या वळणावर होती. आत शापित खजिना होता. दारात यक्ष सूप घेऊन बसला होता. येणारा जे बोले ते त्याच्या सुपात पडे. यक्ष ते पाखडी. भुसा उडून जाई आणि दाणे राहत. मूठभर दाणे राहिले तरच आत जायला मिळे. गुहेपुढं गुडघाभर भुसा साचला होता.

“हा ढीग?” शिंप्यानं विचारलं.

“तुमचे राजपुत्र येऊन गेले,” यक्ष म्हणाला. “दोघंही. तीन दाणे निघाले, तेही किडके होते. हं, बोल.”

ऋजुमतीला वाटलं, माझं तर निम्मं बोलणं म्हणजे अडखळणं, ते सगळं भुसाच ठरणार. पण परत जायचं कुठं?

“आ... आ... आबा दगड होताहेत,” ती म्हणाली. “मला आ... आबा हवेत.”

यक्षानं सूप हलवलं. काहीच उडालं नाही. त्यानं पुन्हा हलवलं, फुंकून पाहिलं. सुपात टपोरे दाणे होते. प्रत्येक अडखळण्याचाही एकेक दाणा पडला होता. ते पाहून ऋजुमती तिथंच रडू लागली, आणि यक्षाला काय करावं ते कळेना. त्यानं उगाचच दुसरीकडं पाहिलं.

“आत माणकं आहेत, पाचू आहेत,” तो म्हणाला. “काय हवं ते ने.”

“माझं काय आ... आहे त्यात?”

“हे दाणे तेवढे तुझे.”

तिनं दाणे पदरात बांधले. यक्ष खूश होऊन म्हणाला, “सभेत मुठीत धर. तोंडात भुसा आला की टोचतील.”

पौर्णिमेची संध्याकाळ आली. सभा भरली. लोक उशा घेऊनच आले होते. राजा बरगड्यांपर्यंत दगड होऊन उभा होता, आणि पूर्वेकडं आभाळ पिवळसर होऊ लागलं होतं. ऋजुमतीनं जाता जाता पीस वडिलांच्या कानामागं खोचलं आणि ती पायऱ्यांवर उभी राहिली.

“ही बोलणार?” रत्नध्वज म्हणाला. चंदन भाटानं माळ उचलली.

समोर हजार माणसं होती. भीतीनं तिच्या तोंडून नकळत पहिलं बिरुद निघालं, “स... समुद्रवलयांकित...” आणि लगेच सगळ्या सभेच्या पापण्या जड झाल्या. मुठीतले दाणे कचकन टोचले. ती थांबली. भाट म्हणाला, “राजकन्ये, पुढचं.”

“नको,” ती म्हणाली.

तिनं लोकांकडं पाहिलं. हजार माणसांकडं एकदम बघता येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं एकच माणूस पाहिलं. तिसऱ्या रांगेत तुळसा कुंभारीण बसली होती. राजवाड्याची मडकी तीच घडवी. तिची मान छातीवर पडत चालली होती.

“तुळसामावशी,” ऋजुमती म्हणाली, “बां... बां...”

कोणीतरी सवयीनं पुढचा शब्द सुचवू लागलं. शिंपी त्याच्या पागोट्यावर जाऊन बसला आणि त्यानं एक टोच मारली.

“...बांध फुटला, तेव्हा तुम्ही कु... कुठं होतात?”

तुळसेनं खाडकन डोळे उघडले. “मला विचारता?”

“हो.”

“दरबाराच्या दारात होते, बाईसाहेब!” तुळसा उठून उभी राहिली. “मीही भोक पाहिलं होतं. सांगायलाच आले होते. महाराजांचं भाषण चालू असतानाच या भाटबुवांनी मला दारातच बिरुदं म्हणायला लावली. त्रेसष्टाव्याला चुकले, परत पहिल्यापासून! इकडं मी माळ जपतेय आणि तिकडं माझी भट्टी वाहून गेली.” मग ती राजाकडं वळली. “महाराज, तुम्ही बोलत होतात. माझ्याकडं बघून बोलत होतात, पण मी तुम्हाला दिसले नाही.”

सभा टक्क जागी होती. एकाचीही पापणी लवत नव्हती. पूर्वेला पूर्ण चंद्राची कड वर आली आणि दगड काळजाच्या दिशेनं चढू लागला. तो चढताना करकर आवाज होत होता. सगळ्यांनी राजाकडं पाहिलं. राजानं सवयीप्रमाणं छाती फुगवायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं, आणि पणजोबांचं नाव त्याच्या ओठांवर आलं.

कानामागं पिसानं गुदगुल्या केल्या.

राजानं तोंड मिटलं. त्यानं तुळसेकडं पाहिलं. तिच्या हाताला भट्टीचे जुने डाग होते, पदराला ठिगळ होतं, ओठ रागानं थरथरत होते. मग राजानं आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला.

“मग पुढं काय झालं, तुळसाबाई?”

दगड थांबला.

तुळसा सांगू लागली, आणि राजा ऐकू लागला. भट्टीची हकिकत झाली, तेव्हा बरगड्या सुटल्या. सुनेनं छपरावर बसून रात्र काढली ते सांगितलं, तेव्हा कंबर सुटली. मग गुराखी उठला, कोळीण उठली, चवरी ढाळणाराही उठला. गुडघे सुटले, पोटऱ्या सुटल्या. मध्येच एकदा राजाच्यानं राहवेना. “आमच्या पणजोबांच्या वेळी...” असं तो म्हणाला मात्र, ऋजुमतीनं बोट वर केलं. तो वरमून गप्प बसला. पण तेवढ्यानं डाव्या पायाची करंगळी दगडाची राहिली ती राहिलीच. पुढं जन्मभर राजा बोलायला उठला की ती ठणके.

दुसऱ्या दिवशी हजार माणसांनी आणि दोन राजपुत्रांनी मिळून बांध बांधला. पाट्या उचलताना रत्नध्वजानं सूर्याला नुसतं ऊन म्हटलं. बिरुदं भिंतीवर लिहून टाकली, ज्याला हौस असेल त्यानं वाचावीत. चंदन भाटाला नवं काम मिळालं. आलेला माणूस किती बोलला ते नव्हे, तर राजानं त्याला किती प्रश्न विचारले, ते तो मण्यांवर मोजू लागला. त्याला ते फार आवडलं.

पण बांधावर जायच्या आधी, त्या संध्याकाळी, एक गोष्ट झाली. मोकळ्या पायांनी लंगडत राजा लेकीपाशी आला.

“ऋजू,” तो म्हणाला, “बाळ, तुला काय सांगायचंय?”

ऋजुमतीनं तोंड उघडलं. “आ...” ती म्हणाली. “आ...”

दासींनी हात पुढं केले आणि मागं घेतले. प्रधानानं ओठ चावून धरले. हजार माणसं श्वास रोखून उभी राहिली. कोणीही तिचा शब्द पुरा केला नाही. राजा तिच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. त्याला पणजोबांची आठवण झाली नाही. त्याला कसलीच घाई नव्हती.

“आ... आबा,” ती म्हणाली, “मला भू... भूक लागलीय.”

राजा हसला, आणि हसता हसता रडला. मग अंगणातच पाट मांडले. राजा जेवला, प्रजा जेवली, शिंप्यानं भाताची शितं टिपली. फुंकरबाई शेळ्यांसकट उशिरा आली, तिलाही पान वाढलं. आणि त्या पंगतीत बापलेक शेजारी बसून जे बोलले, ते त्या दोघांचं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं मी तुम्हाला सांगितलं.