नदीसाठी सात पावले

एका राज्यात, जिथे पाखरांना माणसांची बोली येत असे आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, मंदाली नावाची नदी वाहत होती. तिच्यावर रंभाई नावाची नावाडीण नाव चालवी. तिच्या बापाच्या काळी पैलतीर गाठायला शंभर वेळा वल्हे मारावे लागे. रंभाईला बारा वेळा पुरे होई.

मंदालीला शाप होता. पद्मकेतू राजाच्या आजोबांनी काठावरची एक जमीन मालकिणीला न विचारता घेतली, भोवती भिंत घातली आणि आत उपवन केले. त्या मालकिणीला मंत्र येत होते. तिच्या तोंडून शाप गेला, आणि त्या दिवसापासून नदी दर वर्षी हातभर आटू लागली. तिच्यातले मासे एकेक करून दगडाचे होऊ लागले.

एके सकाळी नावेच्या टोकाशी एक खंड्या पक्षी येऊन बसला.

"रंभाई, उतारा सांगतो, ऐक," तो म्हणाला. "काठाचे मालक तीन. तिघांनी आपखुशीने सात-सात पावले काठ नदीसाठी मोकळा सोडला, तर शाप उतरेल. एकावर जरी जबरदस्ती झाली, तर उरलेली नदीही जाईल."

रंभाई तशीच राजदरबारी गेली. पद्मकेतूने सगळे ऐकून घेतले.

"सात पावलेच ना? आज हुकूम काढतो," तो म्हणाला.

शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच त्याच्या शेजारी ठेवलेली मंदालीच्या पाण्याची झारी कोरडी ठणठणीत झाली. राजाने झारी उलटी करून पाहिली.

"मग तूच विचार," तो हळूच म्हणाला. "मी हुकूम काढत नाही."

रंभाईने घाटावर लोक जमवले. कुंभार आले, कोळी आले, विणकर आले. एका कुंभारणीने सगळ्यांच्या मनातले बोलून दाखवले. "मालकाच्या दारात एवढी गर्दी नको. तू एकटी जाऊन विचार. ते सांगतील ते काम आम्ही करू."

पहिला मालक भिकोबा. त्याची खरबुजे थेट पाण्याला टेकलेली, आणि त्याचे बैल रोज काठ तुडवत पाण्यावर उतरत.

"काठ सोडला तर माझी जनावरे पाणी कुठे पितील?" त्याने विचारले.

लोकांनी त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला, तो दाखवील तिथेच, दगडी हौद बांधला आणि नळ्या पुरून त्यात पाणी आणले. भिकोबाने स्वतः सात पावले मोजली. त्या पट्ट्यातले गवत आणि करंजाच्या बिया त्याच्याच राहतील, असे ठरले. संध्याकाळी नदीतले निम्मे दगड शेपट्या हलवू लागले.

दुसरा मालक तमाजी मांत्रिक. त्याच्या जमिनीत पूर्वजांचे धन होते आणि त्यावर तांब्याचा नाग बसलेला होता.

"काठ मोकळा केला की लोक आत शिरणार. मला शेजाऱ्यांची भीती वाटते, चोरांची नाही," तमाजी म्हणाला. "सात पावले सोडून कुंपण घाला. पण कुणाचे पाऊल आत पडले, तर नागाच्या नजरेने तो जागीच शिळा होईल."

चाळीस माणसे दिवसभर राबली. वारा सुटला, काटेरी फांद्या आत उडून गेल्या, तरी कुणी त्या उचलायला आत गेले नाही. उन्हे कलताना तमाजी बाहेर आला. पडलेल्या फांद्या त्याने आपल्या हातांनी कुंपणावर रचल्या आणि म्हणाला, "सात नाही, आठ पावले घ्या. कुंपण मी एक पाऊल मागे घेतो." उरलेले दगडही मासे होऊन पोहू लागले.

पण पाणी मात्र वाढले नव्हते.

तिसरी मालकीण म्हणजे शाप देणारी तीच, जोगाई. वय एकशे वीस. भिंतीला टेकलेल्या झोपडीत ती राहत असे.

"मी काय सोडू, बाई?" तिने रंभाईला विचारले. "माझा काठ त्या भिंतीच्या आत आहे. साठ वर्षांत मी तो पाहिलेला नाही."

रंभाई तशीच माघारी वळली. ती पुन्हा दरबारी गेली.

"महाराज, हे काम आमच्या चाळीस जणांच्या हातचे नाही. आपल्या एकट्याच्या हातचे आहे."

राजा सिंहासनावरून उठला. मग तो पायीच निघाला. झोपडीबाहेर उभे राहून त्याने उपवनाची किल्ली जोगाईपुढे धरली.

"आजोबांनी आपल्याला विचारले नाही. वडिलांनी नाही, मीही नाही. जमीन आपली आहे. ती परत द्यायला आलो आहे."

"आणि नदीसाठी काही मागत नाहीस?"

"ते आपल्या मनावर."

जोगाईने किल्ली घेतली आणि दार लावून घेतले. तीन दिवस ते उघडले नाही. घाटावर लोक थांबले, राजाही थांबला. दारावर थाप मारायला कुणी गेले नाही. रंभाईला फार वाटे की जाऊन एकदा हात जोडावेत. पण ती नावेतच बसून राहिली.

चौथ्या दिवशी जोगाई बाहेर आली. तिने फाटक उघडले, आणि एकेक पाऊल मोठ्याने मोजत ती काठाकडून आत चालत गेली. सातव्या पावलावर तिने काठी रोवली.

"इथून पुढे माझे. इथपर्यंत तिचे," ती म्हणाली. "आता ही भिंत काढा."

शेवटचा चिरा निघाला आणि मंदालीला पाणी आले. ते सावकाश चढले, निर्मळ आणि गार. भिकोबाच्या करंजांच्या मुळांपर्यंत आले, तमाजीच्या कुंपणाच्या आठ पावले अलीकडे थांबले. पद्मकेतूने त्याच दिवशी दवंडी पिटवली की, या राज्यात मालकाला विचारल्याशिवाय राजाचे पाऊलही कुणाच्या जमिनीवर पडणार नाही.

जोगाईला पैलतीरी जायचे होते. रंभाईने तिला हात धरून नावेत बसवले. मध्यावर आल्यावर म्हातारीने पाण्यात हात घातला.

"माझ्या शापाने तुझ्या पोटावर पाय आला," ती म्हणाली. "तू मला एकदाही बोल लावला नाहीस."

"आई, आपले होते ते आपण दिलेत," रंभाई म्हणाली. "ते मी जन्मभर विसरायची नाही."

म्हातारीने हात पाण्यातच ठेवला. पैलतीर अजून लांब होते, आणि रंभाई बापाने शिकवल्यासारखी, कसली घाई न करता, वल्हे मारत राहिली.