कबुलीचा धडा

“मास्तर, ‘पण’ला एस्पेरांतोत काय म्हणतात?”

“तिथवर आपण अजून आलो नाही, वकीलसाहेब.”

“अहो, नऊ दिवस झाले!”

“झाले की.”

केरबा मास्तरांनी वेताची ओली पट्टी खुर्चीच्या भोकातून वर ओढली आणि बोटांनी चाचपून पुढचं भोक शोधलं. मास्तर जन्मांध. मिरजेतल्या आपल्या घराच्या पडवीत बसून ते खुर्च्या विणत. तरुणपणी ब्रेलच्या पुस्तकावरून एस्पेरांतो शिकले आणि पुढे चाळीस वर्षं देशोदेशीच्या अंध मित्रांना त्याच भाषेत पत्रं लिहीत आले. ही भाषा कुठल्याच देशाची नाही. सगळ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती मुद्दाम रचलेली. मिरजेत ती येणारा माणूस एकच, म्हणून गुळवणी वकील रोज दुपारी मास्तरांच्या पडवीत येऊन बसत.

वकिलांना घाई होती, आणि ती खरी होती. त्यांच्या लेकीने, गौतमीने, हंगेरीतल्या लास्लोशी लग्न केलं, तेव्हा वकील फोनवर म्हणाले होते, “हे वर्षभर टिकलं तर माझं नाव बदलीन.” त्याला सात वर्षं झाली. नाव तेच राहिलं, बोलणं तेवढं बंद झालं. गौतमी आणि लास्लो घरात एस्पेरांतोच बोलत. त्यांची छोकरीही तीच बोलायला लागली होती. आता तिघं महिनाअखेरीस मिरजेला यायची होती. तसं गौतमीने आईला कळवलं होतं, बापाला नव्हे.

“पोरीला दुभाषी करून जावयाशी बोलणार नाही,” वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “माझं मी बोलेन. शिकवा.”

माणूस जिद्दीचा. सोळा नियम एका दिवसात पाठ केले. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ. क्रियापद आजचं असेल तर आस, कालचं असेल तर इस, उद्याचं असेल तर ओस. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी होकाराचे धडे काढले आणि गाडी तिथेच रुतली.

होकारात अवघड असं काहीच नव्हतं. ‘मी कोन्सेंतास’, म्हणजे मला मान्य आहे. ‘वी प्रावास’, म्हणजे तुमचं बरोबर आहे. शेंबड्या पोरालाही जमेल. पण गुळवणी वकिलांनी सदतीस वर्षं कोर्टात समोरच्याचं एक वाक्य कधी पुरतं मान्य केलं नव्हतं. घरी तरी कुठे केलं होतं?

“चला,” मास्तर म्हणाले. “मी बोलतो, तुम्ही फक्त मान्य करा. ला सेजो एस्तास मालनोवा. खुर्ची जुनी आहे.”

“जुनी आहे, पण वेत नवा आहे ना...”

“होदिआउ एस्तास वार्मे. आज उकडतंय.”

“काल जास्त होतं.”

मास्तर हसले नाहीत. हसू आलं असावं, कारण त्यांनी पट्टी दातात धरली.

“वकीलसाहेब, मान्य करायला तुमचं जातंय काय ओ?”

“सवय, मास्तर. वकिलानं कबूल केलं की अशिलाचं वाटोळं झालंच.”

“इथं अशील कोण?”

वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

विणता विणता मास्तरांनी विचारलं, “लेक काय म्हणाली होती तेव्हा? फोनवर?”

“काय म्हणणार... म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला ओळखतसुद्धा नाही.”

“मग?”

“मग मी फोन ठेवला.”

मास्तरांचे हात थांबले. मान जराशी वर झाली आणि ते सावकाश म्हणाले, “वी ने कोनिस लिन.”

तुम्ही त्याला ओळखत नव्हता. वकिलांना अर्थ लागायला क्षणभरही लागला नाही. त्यांनी मान डोलावली.

मास्तर म्हणाले, “वी ने कोनिस लिन.”

वकिलांनी पुन्हा मान डोलावली, या वेळी जोरात.

“वी ने कोनिस लिन.”

“अहो, हो म्हणतोय ना!” वकील उसळले. “मघापासून मान हलवतोय!”

“असं होय...”

मास्तरांचे मिटलेले डोळे वकिलांच्या दिशेला होते. तेव्हा कुठे वकिलांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात आपण कुणाला ‘तुझं बरोबर’ असं तोंडाने म्हटलंच नाही. फार तर मान हलवली. बायकोने ती पाहिली, समजून घेतली आणि भागवून नेलं. सात वर्षांपूर्वीही कदाचित मान हलवली असेल, फोन ठेवल्यावर, एकट्याने.

ते उठले. वहाणा पायात सरकवून पायऱ्या उतरले.

फाटकाच्या कडीवर वकिलांचा हात बराच वेळ राहिला. पळून जाणं सोपं होतं. त्यांनी ओठ घट्ट आवळले, कडी सोडली आणि परत पायऱ्या चढून, वहाणांसकट, मास्तरांसमोर उभे राहिले.

“वी प्रावास.”

तुझं बरोबर आहे. आवाज घोगरा निघाला होता, पण निघाला.

“कुणाला म्हणालात?” मास्तरांनी विचारलं.

“गौतमीला.”

“ती कुठाय इथं?”

वकिलांनी खिशातून फोन काढला. नंबर दाबला. तिकडे हंगेरीत सकाळ होती. चार वेळा घंटी वाजली. पाचवीला आवाज आला, “हॅलो... बाबा?”

सात वर्षांनी ऐकलेला तो शब्द वकिलांच्या काळजात रुतला. कोर्टात मोठमोठ्या न्यायाधीशांपुढे न अडखळलेली जीभ टाळ्याला चिकटली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“वी... वी प्रावास.”

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि गौतमीने, रडू आवरत की हसू आवरत कोण जाणे, मराठीत विचारलं, “कशाबद्दल, बाबा?”

वकिलांनी फोनवर तळवा दाबला आणि मास्तरांकडे वाकून कुजबुजले, “विचारतेय, कशाबद्दल. आता पुढं काय म्हणू?... एस्पेरांतोत कसं सांगायचं हे सगळं?”

केरबा मास्तरांनी हात पुढे केला. चाचपडत वकिलांचं मनगट शोधलं आणि फोनवरचा त्यांचा तळवा अलगद बाजूला केला.

“त्या भाषेत म्हणून झालं, वकीलसाहेब. आता मराठीत म्हणा.”