पुलापलीकडचा जामीन

एकदा एका वृद्ध न्यायाधीशांसमोर धान्याच्या एका व्यापाऱ्याला उभे करण्यात आले. त्याच्या गोदामात धान्य निवडायला जाणाऱ्या सुगंधा नावाच्या तरुणीने त्याच्यावर अतिप्रसंगाचा आरोप केला होता. खटला महिन्याभराने चालणार होता. तोवर जामीन मिळावा, अशी त्याची विनंती होती.

"आरोप अजून सिद्ध झालेला नाही. जामीन द्यायला हवा," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी आपली शिष्या मैथिली हिला अटी लिहायला सांगितल्या.

मैथिलीने झरझर लिहिले : आरोपीने तरुणीच्या घरात पाऊल टाकू नये, तिला धमकावू नये. व्यापाऱ्याने लगेच मान डोलावली. न्यायाधीशांनी मात्र कागदावर शिक्का उमटवला नाही.

"उद्याचा दिवस त्या मुलीच्या घरी बस," ते शिष्येला म्हणाले. "तिची हरकत नसेल तरच. आणि काही विचारू नकोस."

आरोपी तर कोठडीत आहे, मग तिथे बसून काय दिसणार? मैथिलीला हे कोडे उलगडेना. तरी ती गेली.

घराला भर दिवसा आतून कडी होती. सुगंधा भिंतीला पाठ लावून भाजी निवडत होती. गल्लीत पावले वाजली की तिची बोटे थांबत; पावले दूर गेली की पुन्हा चालू लागत. दुपारी दारावर थाप पडली. आईने दार किलकिले केले. बाहेर व्यापाऱ्याचा मुनीम मिठाईचा पुडा घेऊन उभा होता.

"शेठ दोन दिवसांत सुटतायत," तो मऊ आवाजात म्हणाला. "गोदाम तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच. रोज दिसतीलच. सुगंधाला म्हणावं, जपून राहा."

तो गेला. सुगंधाने उठून कडी पुन्हा लावली.

"ताई, मी कोर्टात येणार नाही," ती म्हणाली. "तक्रार मागे घेते."

परतताना मैथिलीने तीनदा मागे वळून पाहिले. रस्ता रिकामाच होता.

सकाळी तिने सारे सांगितले. "गुरुजी, खटला होईपर्यंत तिला मामाकडे पाठवू या."

"तिच्यावर कोणता आरोप आहे?"

मैथिलीने आपला जुना कागद मागे घेतला. न्यायाधीशांनी नव्या अटी लिहिल्या : निकालापर्यंत व्यापाऱ्याने नदीपलीकडे भावाकडे राहावे, सुनावणीच्या तारखेखेरीज पूल ओलांडू नये, नातलग वा नोकरामार्फतही निरोप धाडू नये, आणि तो सुटण्याआधी सुगंधाला तसे कळवावे.

"साहेब, माझा धंदा इथं आहे," व्यापारी म्हणाला. "गुन्हा कुठं ठरलाय?"

"ठरलेला नाही, म्हणून तुम्ही बाहेर जात आहात. अट मोडलीत तर परत आत याल."

तो गेल्यावर ते शिष्येला म्हणाले, "तू व्यापाऱ्याकडे पाहून अटी लिहिल्यास. तो घरात शिरला नसता, हे खरेच. पण गल्लीच्या तोंडाशी नुसता उभा राहिला असता, तरी ती साक्षीला आली नसती. मग खरे-खोटे कशावरून ठरवायचे? जिच्या दारावर थाप पडते, तिच्या घरात बसून अटी लिहाव्यात."

महिन्याने सुगंधा आईचा हात धरून न्यायालयात आली. समोर व्यापारी दिसताच ती आईच्या आड सरकली. तिने पाणी मागितले. मग हळूहळू ती बोलू लागली. मैथिली घाई न करता एकेक शब्द टिपत राहिली. सुगंधाची भीती गेली नव्हती, हे मैथिलीला दिसत होते. ती भीती केवळ बोलता येईल इतकी दूर ठेवलेली होती.